हात न बदललेली कढई

लोखंडी कढईच्या तळावरून लांब दांड्याचं उलथणं फिरतं, तेव्हा एक संथ, खरखरीत नाद उठतो. ईट गावातल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो रोज दुपारी उठतो, आणि स्वयंपाकघरात हातातलं काम तसंच ठेवून मी तो ऐकत बसते. तो चालू आहे तोवर माई आहेत.

माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. खवा आटवता आटवता त्यांचं निम्मं आयुष्य त्या भट्टीपाशी गेलं. धगीनं तांबूस झालेला चेहरा, कपाळावर घामानं ओघळलेलं कुंकू, आणि कढईकडे किंचित कललेला उजवा कान. होय, कानच, कारण दूध आटून खव्याला आलं, हे माई डोळ्यांनी बघत नसत, उलथण्याचा सूर जड झाला की ओळखत. घरात एक रीतही आमच्या सासूबाईंपासून चालत आलेली : जिच्या हातानं ढवळायला घेतलं, तिच्याच हातानं कढई उतरवायची, मध्येच हात बदलला की खवा तळाला लागतो. प्रत्यक्ष यम दारात आला तरी माई त्याला ‘कढई उतरू द्या’ म्हणतील, अशी मी त्यांची थट्टा करायचे. आता ती थट्टा आठवली की अंगावर काटा येतो.

चैत्रातली दुपार होती. पत्रा तापून कडकडत होता, आणि अचानक तो नाद थांबला. मी दारात गेले तर माई एका हातानं मान धरून बसलेल्या. “डोस्क्यात कायतरी फुटल्यावानी झालं गं,” त्या म्हणाल्या. माझे हात पिठानं भरलेले होते, खवा न्यायला यायची जीप तासाभरावर आली होती, आणि मला वाटलं, धग लागली असेल, पित्त असेल. मी म्हणाले, “एवढी कढई उतरवा माई, मग पडा निवांत.” त्यांनी उलथणं उचललं. नाद पुन्हा सुरू झाला, थोडा वाकडा, थोडा अडखळता, आणि मी निश्चिंत मनानं भाकरीकडे वळले. माझा तो निश्चिंतपणा मला आजही माफ करता येत नाही.

कढई उतरली. मग आम्ही सुंठ उगाळून कपाळाला लावली, डोक्याला फडकं बांधलं, आणि उजाडेपर्यंत वाट पाहिली. सकाळी उलट्या सुरू झाल्या, मान ताठ झाली, डोळे उघडेनात. आधी बार्शी, मग सोलापूर. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूची रक्तवाहिनी दाखवली. तिच्या एका वळणावर ज्वारीच्या दाण्याएवढा फुगा आला होता, आणि तो झिरपला होता. कवटी उघडायची नाही, ते म्हणाले. मांडीच्या रक्तवाहिनीतून केसासारखी नळी वर डोक्यापर्यंत न्यायची, आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरायची, म्हणजे रक्त आत शिरणार नाही. “डोकं असं एकाएकी फुटल्यासारखं दुखलं तर घटकाभरही थांबायचं नसतं,” एवढंच ते शेवटी म्हणाले. थोरले भाऊजी मान हलवत होते. मी जमिनीकडे पाहत होते.

माई वाचल्या. हातपाय धड आहेत, घरी चालत आल्या, आणि तीन महिन्यांनी हट्टानं भट्टीपाशी बसल्या. गाव म्हणतं, पुण्याई. पण त्यांच्या डोक्यातून ते आठ-दहा दिवस पार पुसून गेले आहेत, चैत्रातली ती दुपारही. कानही पूर्वीचा राहिला नाही. आयुष्यात कधी कुणाला न विचारणाऱ्या माई आता शेडमधून हाक मारतात, “झालं का गं?” आणि मी आतून सूर ऐकून सांगते. पुढच्या महिन्यात पुन्हा सोलापूरला जायचं आहे. ती वेटोळी जागेवर आहेत का, फुगा पुन्हा भरतो आहे का, ते बघायला. भीतीनं माझ्या तोंडचं पाणी पळालं आहे, आणि माई मात्र तिथं नेसायचं लुगडं काढून ठेवतात.

परवा त्यांनी उलथणं थांबवलं. मी धावत गेले. त्या शांत बसलेल्या होत्या, काहीतरी आठवू पाहणाऱ्या.

“त्या दिशी म्या कढई अर्धी टाकून उठले व्हते का गं?”

त्यांच्या आवाजात लाज होती. खरं सांगायला जीभ उचलेना, निम्मंच सांगितलं. “नाही माई. पुरी उतरवलीत. तुमच्याच हातानं.”

त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मला तिथं उभं राहवेना. तरी मी पुढे झाले, त्यांच्या हातातून उलथणं घेतलं आणि ढवळू लागले. माई हसल्या, “हात बदलला, आता लागंल बघ.” लागू दे, मी मनात म्हटलं.

जी दुपार काळानं त्यांच्याकडून काढून घेतली, ती त्यानं माझ्या ओटीत टाकली आहे. त्या जे विसरल्या ते मी आठवत राहते, आणि हा नाद मध्येच थांबला की दर वेळी तिथंच, पिठानं भरलेल्या हातांनी, दारात उभी असते.