सात इंच बाय पावणेपाच

हेडाऊसाहेब पुस्तक हातात आलं की आधी ते मोजायचे, वाचायचे नंतर. खिशातून पोलादी पट्टी काढून लांबी-रुंदी घ्यायची, पानं एकेक करून मोजायची, मग मला कार्ड टाइप करायला सांगायचं. मी सीताबर्डीवरच्या एका वाचनालयात कामाला होते, तिथं ते रोज जुनी पुस्तकं तपासायला यायचे आणि पहिले सहा महिने मला हा माणूस चक्क अर्धवट वाटला. नंतर मात्र त्यांच्यासारखं काम करणारा दुसरा कोणी मी पाहिला नाही.

शालिकराम हेडाऊ तीस वर्षं पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. पारशिवनीकडे कालव्याची आखणी चालू असताना धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, रोवणी करणाऱ्या बायांच्या तोंडी त्यांनी एक गाणं ऐकलं. ते कोणी रचलं, हे एकीलाही सांगता येईना. साहेबांनी शोधून काढलं: रामटेकचे शाळामास्तर रुपराव बांते, १९२१ साली वारलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मास्तरांचं चरित्र लिहायला घेतलं आणि त्याच्या शेवटी द्यायला मास्तरांच्या सगळ्या छापील लिखाणाची सूची. एका कवितेचं साल पक्कं करायला हा माणूस स्वतःच्या पैशानं जबलपूरला जाऊन आला. साल एका वर्षानं चुकलेलं निघालं, तर लॉटरी लागल्यासारखा खूश झाला.

१९६८च्या हिवाळ्यात चरित्र छापखान्यात गेलं आणि सूचीत घोडं अडलं. मास्तरांचं तिसरं पुस्तक, ‘बांधीतले बोल’, सगळे ऐकून होते, पण प्रत कुठेच मिळेना. साहेबांचा नियम एकच: जे स्वतः मोजलं नाही ते लिहायचं नाही. इकडे मास्तरांची मुलगी इंदूबाई रामटेकहून पत्रांवर पत्रं पाठवत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नजर पुरती जायच्या आत बाबांची तिन्ही पुस्तकं छापील यादीत एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढंच तिचं मागणं होतं.

मी साहेबांवर चिडले. पोटची मुलगी सांगतेय पुस्तक होतं म्हणून, मग हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं तोंडावर म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, “बाई, मी न मोजता कालवा काढला असता, त पाणी कोणाच्या वावरात गेलं असतं?”

शेवटी आम्ही दोघं एसटीनं रामटेकला गेलो. इंदूबाईचं घर दोन खोल्यांचं, सारवलेलं. तिनं चहा केला, बाबांच्या आठवणी सांगितल्या. पुस्तकाचा विषय निघाला की मात्र दर वेळी तेच: कोणीतरी वाचायला नेलं, परत आणलंच नाही. साहेबांनी विचारलं, कोणी नेलं? कोणत्या साली? मग ती रडायलाच लागली.

“मीच जाळलं, साहेब,” ती म्हणाली. “मायले वाचता येत नोहतं. बाबा गेल्यावर सतरा वर्षं तिनं त्या पुस्तकाले देवाजवळ ठेवलं, रोज दिवा लावला. मरताना म्हणे, हे माह्यासंग दे. मी चितेवर ठेवलं. लोक काय म्हणतीन? पोरीनं बापाचं पुस्तक जाळलं.”

तीस वर्षं ती हे पोटात घेऊन बसली होती. मला भडभडून आलं आणि भीतीही वाटली, की आता हा माणूस त्या नोंदीवर काट मारणार.

साहेबांनी विचारलं, पुस्तक देव्हाऱ्यात नेमकं कुठं होतं? इंदूबाईनं रामाच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. पुस्तक तिथं मागच्या फळीला टेकून उभं असायचं. ते गेल्यावर ती जागा तिला बघवेना, म्हणून तिनं पुढे तसबीर ठेवली होती.

साहेबांनी हातपाय धुतले, देवाला हात जोडले आणि तसबीर बाजूला केली. मागची फळी दिव्याच्या काजळीनं काळी झाली होती. मधोमध पुस्तकाएवढा चौकोन तेवढा उजळ राहिला होता.

“पूर येते तवा आपण तिथं नसतो,” साहेब म्हणाले. “वसरल्यावर भिंतीवरची खूण मोजतो. खात्यात ते माप चालते.” त्यांनी पट्टी काढली. “पण मापाले साक्षीदार लागते. दुसरं टोक तुम्ही धरा, बाई.”

तिनं टोक धरलं. साहेब आकडे सांगत गेले, मी कार्डावर लिहीत गेले: बांधीतले बोल. प्रत पाहिली नाही. देव्हाऱ्यातली खूण मोजली, सात इंच बाय पावणेपाच. पानं माहीत नाहीत. घरातली एकमेव प्रत पत्नी जिजाबाई यांच्या इच्छेनुसार त्यांच्यासोबत दिली.

शेवटचं वाक्य इंदूबाईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग साहेबांनी खाली सही केली आणि पेन तिच्या हातात दिलं. कार्ड डोळ्यांच्या अगदी जवळ धरून तिनं बाबांनी शिकवलेल्या अक्षरात सावकाश लिहिलं: इंदू रुपराव बांते. सासरचं नाव तिनं लावलं नाही, आणि सूचीत तसंच ते छापलं.