ताणावरची झाडं

दुपार कलली की बुटीबोरीहून येणारी कंपनीची बस बेस्याच्या वळणावर थांबे, आणि घरात शिरण्याआधी प्रणाली मागच्या आवारात जाऊन संत्र्याचं एक पान चुरगाळी. केसांत अडकलेले कापसाचे तंतू हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात चमकत असायचे, बोटांना त्या पानाचा कडवट हिरवा गंध, आणि आठ तास सूत तपासून आल्याचा चेहऱ्यावर मागमूसही नसायचा. माझी ती धाकटी जाऊ. पूर्णवेळ नोकरी, रविवारी फळबाग पदविकेचे वर्ग, आणि पहाटे गच्चीवर शाल गुंडाळून अभ्यास. तिचं ते पुटपुटत पाठ करणं खाली स्वयंपाकघरात ऐकू यायचं, आणि माझी एखादी तरी पोळी करपायची.

खरं सांगते, मी जळायचे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला माझं लग्न झालं आणि पुस्तकं माहेरच्या माळ्यावर गेली. त्यामुळे "आमची प्रणाली शिकून राहिली ना!" असं सासूबाई शेजारणीला ज्या कौतुकानं सांगत, ते मला झोंबायचं. ती गर्विष्ठ असती तर बरं झालं असतं, नावं तरी ठेवता आली असती. पण शिकलेलं सगळं ती आधी मलाच येऊन सांगायची. झाडांविषयी बोलताना तिच्या हातांची आपोआप ओंजळ व्हायची, आणि त्या ओंजळीत आपल्यासाठी काहीच नाही असं मला वाटत राहायचं.

सासऱ्यांनी लावलेल्या चार संत्र्यांवरच तिनं आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, धरण्याचा प्रकल्प घेतला होता. डिसेंबर लागताच तिनं झाडांचं पाणी तोडलं.

"ताई, याले ताण देणं म्हणतात. झाडाले तहानलेलं ठेवलं, की ते फुलाच्या मागं लागते. मधातच पाणी भेटलं, तर नुसता पाला."

ताण! मला हसूच आलं. या घरात मी वीस वर्षं ताणावरच होते. माझा बहार धरायचं काही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

पानं मलूल होत गेली, गळू लागली, आणि आवारातली सावली दिवसेंदिवस विरळ झाली. एका दुपारी ती कामावर असताना मी नळाला पाईप लावला. झाडांची कीव आली, असं मनाला समजावलं. चारही आळी तुडुंब भरेपर्यंत मी तिथंच उभी होते, आणि तहानलेली माती पाणी पिताना करते तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं, की त्याची आज लाज वाटते.

संध्याकाळी ती ओल्या आळ्यांपाशी वाकली आणि चिखलात बोट खुपसून पाहिलं.

"मले वाटलं, मरून राहिली बिचारी," मी म्हटलं.

"पाणी भेटलं तर काय होते, हे मीच तुमाले सांगतलं होतं ना, ताई," ती हळूच म्हणाली आणि कपडे बदलायला आत गेली.

फुलं धरायच्या दिवसांत झाडांवर पोपटी पालवी फुटली. दिसायला देखणी, प्रकल्पाला मातीमोल. परीक्षक सर आले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात होते. फुलं का नाहीत, असं त्यांनी विचारलं आणि मी ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबले.

"चूक माझीच झाली, सर," प्रणाली म्हणाली. "ताण पुरा व्हायच्या आधीच पाणी सुटलं माझ्या हातून."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. तिनं माझ्याकडे न पाहता माझ्या हातून ट्रे घेतला.

ती पास झाली, पण काठावर. पुढे सावनेरकडे एका रोपवाटिकेत तिला नोकरी लागली, आणि दीर नि ती तिकडेच राहायला गेले. सणावाराला येते, वाकून नमस्कार करते, पण तो विषय तिनं कधी काढला नाही आणि माझीही जीभ रेटली नाही. तिच्या शिक्षणाचा हेवा केव्हाच ओसरला. आता हेवा वाटतो तो सरांपुढच्या तिच्या त्या एका वाक्याचा, कारण ते माझ्या तोंडून निघालं नसतं. त्या दिवशी तिनं माझं नाव घेतलं असतं, तर आम्ही कडाकडा भांडलो असतो, चार महिने अबोला धरला असता, आणि एव्हाना मी ते सगळं विसरूनही गेले असते.