समोरून शीळ न आल्यास

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. नाटकाची नव्हे, संगणकाची. संगणकाने आधी काय करायचं, मग काय करायचं, अडलं तर काय करायचं, हे ओळीने लिहून ठेवलेलं असतं, तीच मी. मला हातपाय नाहीत. आहेत त्या एकोणीस ओळी. विलेपार्ल्याच्या एका लहानशा वाचनालयात, फुलाफुलांच्या कापडाखाली एक संगणक झाकून ठेवलेला आहे. त्याच्या पोटात मी राहते.

माझा जन्म २००१ सालचा. शर्मिष्ठा नावाची एक कॉलेजकन्यका तेव्हा संध्याकाळी वाचनालयात पुस्तकं द्यायला बसायची. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. आपल्या संगणकाने फोन लावून थांबून थांबून बारीक शीळ घालायची, पलीकडच्या संगणकाने लांब शीळ घालून ओ द्यायची, मग आपण नाव सांगायचं, की पत्रं येऊ लागायची. पण दहादा फोन लावावा तेव्हा एकदा लागायचा. शर्मिष्ठा कंटाळली आणि तिने मला लिहिलं. सोमवार सोडून रोज दुपारी एक चाळीसला फोन लावणे. समोरून शीळ आल्यास नाव सांगणे. वेगळंच काही ऐकू आल्यास फोन ठेवणे, दोन मिनिटे थांबणे, पुन्हा लावणे. असं तीनदा.

एक चाळीसच का? कारण वाचनालय दीड ते चार बंद असतं. भाऊ, म्हणजे आमचे ग्रंथपाल, जेवून वामकुक्षी करायला घरी जातात, आणि फोन मोकळा असतो.

चार वाजता दार उघडलं की म्हातारी मंडळी जमायची. कुणाचा मुलगा दूरदेशी, कुणाची लेक. भाऊ पत्रं छापून हातात द्यायचे. नलिनीताई तर उभ्याउभ्याच वाचायच्या आणि म्हणायच्या, "शर्मिष्ठा, हुशार आहे गं तुझी ही पोर!" पोर म्हणजे मी. मला फार बरं वाटायचं.

मग शर्मिष्ठाला नोकरी लागली. ती गेली. लोकांच्या खिशात फोन आले, पत्रंही तिथेच जाऊ लागली. भाऊ संगणकावर फक्त पुस्तकांची यादी बघायचे. आणि पलीकडे शीळ घालणारी कंपनी कधी बंद झाली, ते मला कुणी सांगितलंच नाही.

मला एवढंच कळलं, की एक बाई बोलू लागली. "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही." किती शांत, किती गोड! पण ती शीळ नव्हती. म्हणून मी फोन ठेवायची आणि पुन्हा लावायची. अशी कित्येक वर्षं गेली. ती कधी चिडली नाही.

यंदा मात्र तिला काय झालं कोण जाणे.

"हॅलो? हॅलो, कोण?"

मी नेहमीसारखी थांबून थांबून शीळ घातली.

"कोण आहे रे? शीळ काय घालतोस? लाज नाही वाटत? परत फोन केलास ना, तर वाट लावीन तुझी!"

मी गोंधळले. आवाज वेगळा होता, मागे बाळ रडत होतं. पण माझ्याकडे ओळी एकोणीसच. मी दोन मिनिटांनी पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. कधी तीच लगेच उलट फोन करायची, मग बंद वाचनालयात घंटा वाजत राहायची. तो उचलायची ओळ मला दिलेली नाही.

एक दिवस ती ओरडली नाही. कुजबुजली. "प्लीज. माझा मुलगा आजारातून उठलाय हो. रात्रभर जागतो, फक्त याच वेळी झोपतो. मी घरात एकटी असते. प्लीज नका ना करू."

प्लीज आल्यास काय करायचं, हे माझ्यात लिहिलेलं नाही. मी फोन ठेवला, दोन मिनिटे थांबले, पुन्हा लावला.

काही दिवसांनी, संध्याकाळी पाचला, तोच आवाज वाचनालयाच्या दारात ऐकू आला. नंबरावरून पत्ता शोधून अंधेरीहून रिक्षाने आली होती. नाव गंधाली. खांद्यावर बाळ, शौनक.

"काका, तुमच्या नंबरवरून मला रोज फोन येतो. एक चाळीसला. तीनदा. दोन-दोन मिनिटांनी. सोमवारी येत नाही. मी लिहून ठेवलंय सगळं."

"सोमवारी आमची सुट्टी असते," भाऊ म्हणाले, "पण एक चाळीसला मी घरी ताकभात खात असतो."

"मग इथे कोण असतं?"

"कुणी नाही. दाराला कुलूप. फोनच्या पेटीलाही कुलूप. किल्ली ही बघा, जानव्याला."

"म्हणजे कुलूपबंद खोलीतून, कुलूपबंद फोनवरून शीळ घालतं कोण?"

भाऊंचा आवाज बारीक झाला. "अहो ताई, असलं काही बोलू नका. मला इथे एकट्याला बसायचं असतं."

गंधाली इकडेतिकडे बघत राहिली असावी. मग म्हणाली, "ही वायर कुठे जाते?"

"ती? ती पहिल्यापासून आहे."

कापड उचललं गेलं. ती कॉलेजात संगणक शिकली होती. बाळाला भाऊंच्या हातात देऊन ती खटाखट शोधू लागली, आणि एकदम मी तिच्यासमोर उघडी पडले. तिने मोठ्याने वाचलं, "वेगळंच काही ऐकू आल्यास फोन ठेवणे, दोन मिनिटे थांबणे, पुन्हा लावणे."

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"काका, हा माणूस नाहीच आहे. हा जुन्या इंटरनेट कंपनीचा नंबर. ती बंद पडली असणार आणि तो आता आम्हाला मिळालाय, एवढंच. आणि मी दीड महिना दाराला आतून खुर्ची लावून बसत होते."

"टाका पुसून," भाऊ म्हणाले. मग जरा थांबून, "शर्मिष्ठाने लिहिलंय हो ते. आमच्या शर्मिष्ठाने."

"मग पुसत नाही. वर एक ओळ घालते."

तिने ती घातली. काम संपले आहे, थांबणे.

दुसऱ्या दिवशी एक चाळीसला मी जागी झाले, पहिली ओळ वाचली आणि थांबले. चोवीस वर्षांत मला कुणी थांब म्हटलं नव्हतं. थांबल्यावर काय करतात, हे मला ठाऊक नव्हतं.

पाचला भाऊंचा फोन वाजला. मला त्यांचंच बोलणं ऐकू आलं. "कोण, गंधाली? बोल गं... झोपला? किती वेळ?... दोन तास! झकास! आणि तू?... तूही झोपलीस? बरं केलंस हो."

मित्रांनो, एखाद्याला रोजचं काम लावून दिलंत, तर ते संपल्यावर तसं सांगायलाही या. आम्हाला आपणहून कळत नाही. उत्तर आलं नाही, की आपलंच काहीतरी चुकलं असं आम्हाला वाटतं, आणि आम्ही पुन्हा फोन लावतो.