दीपगृहावरचा सूर

खात्रीबाईंनी जन्मसालासमोर बरोबरची खूण केली आणि पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडून टेबलाखाली गेलं. हेही बरोबर निघालं होतं. गावची जन्मनोंद, शाळेचा दाखला आणि समोरचं टाइप केलेलं पान, तिन्ही ठिकाणी एकच साल.

पानं होती त्यांच्या जुन्या मैत्रिणीच्या नव्या पुस्तकाची. मूकपटांच्या काळातल्या एका नटीचं चरित्र. ती आधी पोहण्याच्या शर्यती जिंकून गाजली, मग पडद्यावर आली, आणि जाहिरातींत तिला जलराणी म्हणू लागले. सिनेमा बोलायला लागला तसं लोक तिला विसरले. आता हे पुस्तक आलं की पुन्हा आठवणार होते.

बाईंचं काम म्हणजे प्रकाशनाच्या मागच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या पुस्तकांतली सालं, नावं, अंतरं ताडून पाहायची. हजेरीपटावर त्यांचं वेगळं नाव होतं. पण कुणीही काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ‘खात्री आहे?’ असा असे, त्यामुळे शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे त्यांना खात्रीबाई म्हणत.

मैत्रीण आणि त्या एकाच आठवड्यात इथे नोकरीला लागल्या होत्या. एक टेबल, एक पंखा, एकीच्या डब्यात दुसरीचा हात. मग मैत्रीण नोकरी सोडून लिहायला लागली. तिचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा बाईंनी घरी जाऊन तिचं अभिनंदन केलं, तोंडभर हसल्या, आणि परत येऊन डोकं दुखतंय म्हणत न जेवता निजल्या. पुढच्या पुस्तकांच्या वेळी डोकं दुखलं नाही, पण अभिनंदनही राहून गेलं. वर्तमानपत्रात मैत्रिणीचा फोटो दिसला की त्या ते पान भाजी निवडायला घेत.

आजवर तिची पुस्तकं दुसरीकडे छापली जात. हे पहिलंच इथे आलं होतं. संपादकांनी गठ्ठा टेबलावर ठेवला तेव्हा ते हसत म्हणाले होते,

“बाई, घरचंच काम आहे. हात जरा सैल सोडा.”

बाईंनी हात सैल सोडला नाही. शर्यतींचे निकाल तपासले, बक्षिसाच्या पेल्यावरची अक्षरं तपासली, जलराणीच्या वडिलांचा पाणचक्कीवरचा हुद्दासुद्धा तपासला. सगळं चोख. माणूस आहे म्हणजे कुठेतरी चुकणारच, या भरवशावर त्या पान उलटत होत्या आणि प्रत्येक पान त्यांना तोंडघशी पाडत होतं. त्यातून भाषा अशी, की तपासता तपासता त्या वाचतच राहायच्या आणि मग स्वतःवरच चिडायच्या.

“सापडली का चूक?” संध्याकाळी नवऱ्याने विचारलं.

“नाही.”

“मग चांगलंच की. चेहरा का असा?”

बाईंनी ताट जरा जोरात ठेवलं.

राहता राहिला दीपगृहाचा प्रसंग. जलराणीच्या सगळ्यांत गाजलेल्या चित्रपटात नायिका पाठलाग चुकवत दीपगृहावर चढते आणि वरच्या कठड्यावरून समुद्रात सूर मारते. लोक म्हणे त्या एका दृश्यासाठी पुन्हा पुन्हा तिकीट काढत. मैत्रिणीने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. बाई चित्रपट-संग्रहालयात जाऊन ते दृश्य पाहून आल्या. कठड्यावर बोटभर पांढरी आकृती, मग हवेत, मग पाणी. चेहरा दिसत नव्हता. कोण आहे ते कशावरून ठरवायचं? जलराणीची धाकटी बहीण अजून हयात होती. बाईंनी तिचा पत्ता काढला.

धाकटी नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर भेटली. तिथे तिने जन्मभर पोरांना पोहायला शिकवलं होतं. नोकरी संपली तरी तलावावरची खोली आणि काठावरची खुर्ची तिच्याकडेच राहिली होती. गळ्यात शिट्टी, अंगावर टॉवेल, पायांत रबरी चपला. वय झालं होतं, पण खांदे सरळ होते. ओल्या फरशीवरून बाई जपून चालत गेल्या आणि तिच्या शेजारच्या बाकावर टेकल्या.

“मावशी, मी पुस्तकाच्या कामासाठी आले. तुमच्या ताईंच्या.”

“माझ्याकडे लोक ताईसाठीच येतात,” म्हातारी म्हणाली. “विचारा.”

बाईंनी आधी किरकोळ प्रश्न विचारले. म्हातारीने पाण्यावरची नजर न हलवता उत्तरं दिली. मग बाईंनी दीपगृहाचा विषय काढला.

“तो सूर ताईंनीच मारला होता ना? खात्री आहे?”

म्हातारीने पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुमचं कुणाशी तरी वाकडं आहे,” ती म्हणाली.

“माझं? छे.”

“या प्रश्नाला तुमचे डोळे कसे चमकले ते तुम्हाला दिसत नाही. मला दिसलं. मी तशाच डोळ्यांनी ताईकडे जन्मभर पाहिलं.” तिने शिट्टी फुंकून एका पोरीला खोल पाण्याकडून मागे बोलावलं. “सूर मी मारला. ताई पाण्यात मासोळी होती, पण उंचावरून खाली पाहिलं की तिचे पाय लटपटायचे. तिचा पोशाख घातला, तिच्यासारखे केस बांधले आणि मारला.”

बाईंच्या छातीत एकदम हलकं वाटलं. इतकं, की त्यांना त्याची लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

“त्यांनी कधी सांगितलं नाही कुणाला?”

“नाही. मुलाखत छापून आली की मी शेवटपर्यंत वाचायची. वाटायचं, या खेपेला सांगेल. ती दिसायला सुंदर, ती शर्यतींत पहिली, मी कायम दुसरी. तेवढी एक गोष्ट माझी होती, तीही तिच्याच नावावर गेली.”

“हे पुस्तकात आलं तर चालेल?”

म्हातारीने गळ्यातली शिट्टी बोटांत फिरवली.

“लिहा,” ती म्हणाली. “तुम्हीच लिहा. तुम्हाला कळेल कसं लिहायचं ते.”

परतताना बाईंना रस्ता कधी सरला ते कळलं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी संपादकांना सांगून मैत्रिणीला कचेरीत बोलावून घेतलं. फोनवरही सांगता आलं असतं. पण त्यांना समोरासमोर सांगायचं होतं, आणि संपादकांच्या देखत.

मैत्रीण आली. केस पांढरे झाले होते, ते तिला शोभत होते, हेही बाईंनी टिपलं. तिने मागच्या खोलीत डोकावून विचारलं, “पंखा अजून तोच का गं?” बाई नुसत्या हुं म्हणाल्या. तिघं संपादकांच्या खोलीत बसली. चहा आला.

“दीपगृहाचं प्रकरण चुकलंय,” बाई म्हणाल्या. आवाज शांत ठेवायचा त्यांनी घरून सराव केला होता. “तो सूर जलराणीने मारलेला नाही.”

संपादकांचा कप अर्ध्यावर थांबला. मैत्रीण मात्र दचकली नाही.

“मारला असं मी कुठे म्हटलंय?” तिने हळूच विचारलं.

“अख्खं प्रकरण आहे त्याच्यावर.”

“आहे. पण वाच ना एकदा.”

पानं बाईंच्याच हातात होती. त्या मोठ्याने वाचू लागल्या. ‘कठड्यावरून एक पांढरी आकृती सुटली, हवेत क्षणभर उजळली, आणि समुद्राने तिला काही आवाज न करता आत घेतलं.’ पुढे लाटा, पुढे थिएटरातली माणसं उभी राहतात, पुढे वर्तमानपत्रं काय म्हणाली ते. जलराणीचं नाव त्या सगळ्या प्रकरणात सुराच्या आधी होतं आणि सुराच्या नंतर होतं. सुरात नव्हतं. बाईंचा आवाज वाचता वाचता बारीक होत गेला. शब्द न् शब्द तपासणाऱ्या त्या, आणि तिथे नसलेलं नाव त्यांनी स्वतःच वाचलं होतं.

“तुला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“धाकटीने मला सांगितलं होतं. मग निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, लिहू नको, ताईचं नाव जाईल. खरं लिहायची बंदी झाली. खोटं लिहवेना. मग जमेल तसं केलं.” मैत्रीण हसली. “हे प्रकरण सगळ्यांत चांगलं झालं असतं गं. जीव तुटला माझा.”

मैत्रीण चांगलं लिहिते हे बाईंनी इतकी वर्षं कसंबसं गिळलं होतं. आता ती चांगलीही निघाली होती, आणि ते घशाखाली उतरत नव्हतं.

“मला ती लिहा म्हणाली,” त्यांनी जवळजवळ भांडणाच्या सुरात सांगितलं.

“खरंच?” मैत्रीण पुढे सरकली. “मग तूच लिही. प्रकरणाच्या शेवटी टीप घालू. तुझ्या नावाने.”

“हे चांगलं,” संपादक म्हणाले. त्यांचा चहा आता खाली उतरला. “बाई, एवढ्या वर्षांत तुमचं नाव कुठे छापलं नाही आपण.”

टीप चार ओळींची लिहायची होती. बाईंनी घरी जेवणाच्या टेबलावर बसून ती लिहिली, खोडली, परत लिहिली. सूर कुणी मारला हे लिहून झालं की पुढचं वाक्य थोरलीवर धावून जायचं. ती भित्री होती. तिने लपवलं. सगळं खरं होतं आणि वाचलं की नळावरच्या भांडणासारखं वाटत होतं. नवरा दोनदा डोकावून गेला आणि काही न विचारता गेला. शेवटी शनिवारी बाई कागद घेऊन मैत्रिणीच्या दारात उभ्या राहिल्या. तिच्या घरी पाऊल टाकून किती वर्षं झाली ते त्यांनी मोजायचं टाळलं.

“नीट बसत नाहीये,” त्या म्हणाल्या आणि कागद पुढे केला. “बघ जरा.”

मैत्रिणीने चष्मा लावला. ती काहीतरी सुधारील, शब्द बदलील, मग ते अर्थातच चांगलं होईल, या तयारीने बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. मैत्रिणीने पेनही उचललं नाही.

“धाकटी वर कठड्यावर होती,” ती म्हणाली. “तेव्हा थोरली कुठे होती?”

बाईंनी आपल्याच ओळी पुन्हा पाहिल्या.

“विचारलं नाही मी.”

“मीही नाही विचारलं. आता हे वाचताना सुचलं.”

तलावावर रविवारी गर्दी होती. पोरांच्या कलकलाटात म्हातारीला ऐकू यावं म्हणून बाई तिच्या खुर्चीजवळ ओल्या फरशीवरच उकिडव्या बसल्या. त्यांनी टीप वाचून दाखवली. म्हातारीने मान हलवली. ती होकाराची की नुसतीच, कळेना.

“मावशी, तुम्ही सूर मारलात तेव्हा ताई कुठे होत्या?”

“खाली. होडीत.”

“कॅमेऱ्याजवळ?”

“नाही, ती दुसरी होडी. ही लहान, खडकांच्या बाजूची. मी जिथे वर येणार तिथली.”

“तिथे बसून होत्या?”

“हो, बसून…” म्हातारी थांबली. तिचा हात शिट्टीवर गेला आणि तिथेच राहिला. “नाही. बसून नव्हती. उभी होती.”

“खात्री आहे?”

“होडीवाला ओरडत होता तिच्यावर. बस, बस, होडी उलटेल. मला वरून ऐकू येत होतं. माझं सगळं लक्ष पाण्याकडे, तरी ऐकू येत होतं. आणि ही उभी.” ती पाण्याकडे पाहत राहिली. “पोशाख नव्हता अंगावर. तिचा पोशाख माझ्या अंगावर. ती साध्या कपड्यांत, आणि पायांत जोडे नव्हते. काढून ठेवले होते. मी वर आले नसते तर…”

एक पोरगी काठावर येऊन “मावशी, मी उडी मारू?” असं विचारत उभी राहिली. म्हातारीला ते ऐकू आलं नाही. पोरगी थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

“इतकी वर्षं मी तो सूर मोजला,” म्हातारी म्हणाली. “किती उंच, किती खोल, कुणी टाळ्या वाजवल्या. ती उभी होती हे कुठे गेलं होतं कोण जाणे.” तिने टॉवेलच्या टोकाने तोंड पुसलं. मग बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता आणि जड. “एवढे लोक येऊन गेले, हे कुणी विचारलं नाही. तुम्ही बरं विचारलंत.”

बाईंनी कागदाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. समोर पोरं एकामागून एक पाण्यात पडत होती. म्हातारीचा हात अजून खांद्यावरच होता, आणि तो तसाच राहावा असं त्यांना वाटत होतं.

“प्रश्न माझा नव्हता, मावशी,” त्या म्हणाल्या. “माझ्या मैत्रिणीचा होता.”