अडीच हातांची न्हाणी

जिवनबाईचा कमोड अखेर बसला आणि जिवनबाई त्याच्यावर बसली. गोष्ट संपली. पण घरातले सगळे हे घडलंच नाही असं धरून चालले होते, तेव्हा आपणही तसंच धरू आणि पहिल्यापासून सुरू करू.

साल दोन हजार चार. कळमनुरीच्या रस्त्याला लागून असलेल्या बंजारा तांड्यातल्या लालसिंगची याडी, म्हणजे आई जिवनबाई, तुरीच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, पडली. खुब्याचं हाड मोडलं. "उकिडवं बसायचं न्हाई. आता कधीच न्हाई," डॉक्टर म्हणाले. तांड्याला सकाळी दुसरं कसंही बसता येत नव्हतं. याडीनं हे लगेच ओळखलं आणि जेवण सोडलं.

"खाल्लंच न्हाई तर जायची तकलीफ न्हाई."

विचार बराबर होता. फक्त त्यात माणूस मरत होतं. नवव्या दिवशी तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा लालसिंगनं कमोड आणायचं ठरवलं.

जागा एकच, घराला चिकटलेली न्हाणी. पुढं दार, दारापुढं लगेच डांबर. रुंदीकरणात रस्ता उंबऱ्याला येऊन टेकलेला.

"वस्तू याडीची, तर माप त्यांच्याच हातानं," बायको शिला म्हणाली. तांड्याची रीतच तशी. याडीला उचलून नेलं. तिनं कोपर टेकवत मोजलं: अडीच हात.

कळमनुरीच्या दुकानात मुन्नाशेठनं माल दाखवला.

"ह्यो टाकीवाला, लांब हाय. ह्यो कोपऱ्यातला."

"आमचा कोपरा गोल हाय."

"मंग ह्यो भिंतीला टांगायचा."

"भिंत मातीची हाय."

"मंग आधी कमोड बसवा भाऊ, भिंत त्याला टांगू."

लालसिंगला हसू आलं नाही. त्यानं सगळ्यात आखूड कमोडला आपला हात लावला. दीड हात. म्हणजे गुडघ्यांना एक हात मोकळा. "बांधा," तो म्हणाला. त्याचा हात एवढा लांब, की एसटीच्या खिडकीतून तो खालूनच रुमाल टाकून जागा धरायचा.

मिस्त्रीनं काम केलं. याडी बसली. दार लागेना. तिचे दोन्ही गुडघे वीतभर रस्त्यावर आले होते. तेवढ्यात हिंगोलीची एसटी आली आणि ड्रायव्हरनं गुडघ्यांना हॉर्न दिला.

याडीनं पदर तोंडावर ओढला. "घरात घे मला. आता पानी बी नगं."

"काहून मावलं न्हाई?" शिलानं विचारलं. लालसिंगनं आपला हात याडीच्या हाताला लावून बघितला. चार बोटं लांब भरला. मागची भिंत पाडली तर घर पडत होतं. पडदा लावला, तर पहिल्याच ट्रकच्या वाऱ्यानं तो कळमनुरीकडं गेला. दोन दिवस याडीनं ओठसुद्धा ओले केले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यानं कागद घेतला.

"मा. उपअभियंता साहेब, अर्जदाराच्या आईचे दोन गुडघे रोज सकाळी सहा ते सव्वासहा सरकारी रस्त्यावर येणार आहेत. सदर अतिक्रमण तात्पुरते असून त्यावर कोणतेही बांधकाम होणार नाही. तरी सदर वेळेत रस्ता एक वीत पलीकडे सरकवण्याचे आदेश व्हावेत, आणि आईने पाणीही सोडले असल्याने ते आजच व्हावेत, ही नम्र विनंती."