तानबाने सांधलेला भाता

वासुदेवरावांचे दात सोमवारी निघणार होते, एकूण एक. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तसा निकालच दिला होता. पुढे कवळी बसेल, भाकरीसुद्धा मोडेल, असा दिलासाही दिला होता.

विमलाबाईंना भाकरीची काळजी नव्हती. नवऱ्याच्या वरच्या दोन दातांमध्ये एक बारीक फट होती. मुलगी पाहायला आला तेव्हा त्याच्या हातून सुपारी निसटली, तो हसला, आणि त्या फटीतून विमलाबाईंच्या आयुष्यात उजेड शिरला. पुढे संसारात हा गृहस्थ सणासुदीलाच हसला. ते हसू त्यांना कागदावर हवे होते, तेही सोमवारच्या आत.

"कवळीचं हसू कोणाचंही असते," त्या दिराला, अण्णाजींना म्हणाल्या. "मले ह्यांचं पाह्यजे. भाऊजी, तुमचा तो जपानी कॅमेरा काढा."

अण्णाजींनी तो घडीचा कॅमेरा ब्रह्मदेशच्या लढाईतून आणला होता. खटका दाबला की झाकण उघडे आणि काळा भाता पुढे येई, झोपमोड झालेल्या वटवाघळासारखा. पण अल्लीपूरच्या उन्हाळ्यांनी त्याच्या घड्यांना चिरा पाडल्या होत्या. भाता म्हटला की गावात एकच नाव: भजनी मंडळाच्या पेट्या दुरुस्त करणारा तानबा. त्याने पेटीलाच लावायची पातळ, पांढरी कातडी चिरांवर डकवली आणि भाता गालाशी धरून दाबला.

"एक झुळूक नाई सुटत, अण्णाजी. लावा सूर!"

अण्णाजींनीही गाल पुढे केला आणि समाधानाने मान डोलावली.

सत्त्याहत्तर सालच्या चैत्रातले ऊन अंगणात उभे होते. दोघे नवराबायको बाजेवर बसले. वासुदेवरावांनी ओठ घट्ट मिटले.

"हसा ना जरा!"

"काऊन हसू? दात काढाले चाल्लो मी, लग्नाले नाई."

"लग्नातबी असंच तोंड होतं तुमचं. माह्या बापाले वाटलं, नवरदेवाचं पोट दुखून राह्यलं."

वासुदेवराव फसले, हसले. अण्णाजींनी उरलेला रोल त्या हसण्यावरच संपवला.

रविवारी अण्णाजी हिंगणघाटहून फोटो घेऊन आले, पण सायकलवरून उतरायची त्यांना घाई दिसेना. प्रत्येक फोटोत विमलाबाई लख्ख होत्या. शेजारी सदरा होता, धोतर होते, आणि चेहऱ्याच्या जागी पांढराशुभ्र झोत.

"वहिनी, स्टुडिओवाला म्हणते, कॅमेऱ्याच्या भात्यानं उजेड अडवाचा असते. आपल्या कातडीतून ऊन आत गेलं."

विमलाबाई खाली बसल्या. सोमवार आता एका रात्रीवर आला होता. हाकेसरशी आलेल्या तानबाने फोटो उलटसुलट पाहिले. गाल चोळला. मग दुखावल्या स्वरात विचारले, "पण अण्णाजी, हवा तर नाई ना सुटली?"

आधी वासुदेवरावांचे खांदे हलले. मग टोपी हलली. मग ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आले, आणि ओठ मिटायचे भानच उरले नाही.

"थांबा दादा, थांबा!" अण्णाजी कॅमेऱ्याकडे धावले, आणि रोल संपल्याचे आठवून तिथेच खिळले.

"राहू द्या भाऊजी," विमलाबाईंनी पाट ओढून नवऱ्यासमोर मांडला. "फक्त मधात उभे राहू नका."

त्या टक लावून बसल्या. वासुदेवराव हसता हसता लाजले. "असं काय पाहून राह्यली वं?"

"बोलू नका. हसा," त्या म्हणाल्या. "अजून पाठ नाई झालं."