सुपातले पाऊल

मी एक जुने सूप आहे. मित्रांनो, झुंबरबाईंनी मला शेवटचे हातात धरले तो दिवस अगदी साधा होता. मेहरूणच्या अंगणात त्या ज्वारी पाखडत होत्या. नात कुंदा धावत आली आणि तिने आजीच्या पोटाला कान लावला.

"काय ऐकस वं?"

"शेजारना गिरधरनाना म्हनतस, भूक लागनी का पोटमा कावळा वरडतस. तुना पोटमा तं एक बी नही!"

झुंबरबाई हसल्या नाहीत. "कावळा भुक्या राहिना का गप्प बसस का? पोट बी तसंच करस. म्हनीसन तसं बोलतस, बेटी."

कुंदाने पुन्हा कान लावला. "आते ऐकू येस," ती हळूच म्हणाली.

साक्रीकडच्या बांबूतून बुरुडाने मला विणले, तेव्हा मला दाणा आणि कोंडा एवढेच ठाऊक होते. या घरात आल्यावर कळले, माणसांच्या बोलण्यात तिसरेही काही असते. कुणाचा जीव भांड्यात पडे, कुणाच्या तोंडचे पाणी पळे. आणि सारे धडधाकट! मी थक्क होऊन ऐके. उसवलो की झुंबरबाई मला शेणाने लिंपीत. १९३१ साली कुंदा जन्मली, तेव्हा पाचवीच्या पूजेला तिला माझ्यातच निजवले होते. तिची आई प्रमिलाबाई, म्हणजे झुंबरबाईंची लेक, व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झालेली, पुष्कळ वाचणारी.

दुसऱ्या पहाटे झुंबरबाई उठल्याच नाहीत.

कोणी कुंदाला म्हणाले, आजीने डोळे मिटले. कोणी म्हणाले, देवाघरी गेली.

"डोया मिटात, मंग उघडी. मी तिनासंगे जेवसू," कुंदा म्हणाली आणि तिने भाकर बाजूला सारली. प्रमिलाबाईंनी ते ऐकले. त्या चुलीकडे वळल्या.

आमच्याकडे माणूस जिथे गेले त्या जागी रात्री पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपली झाकतात. सकाळी पिठात उमटलेल्या पावलावरून जीव कोणत्या जन्माला गेला ते पाहतात. ते पीठ माझ्यात पसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली. "पाखरूनं पाऊल शे!" शेजारच्या लताबाई कुजबुजल्या. बायकांनी हात जोडले. मित्रांनो, माझ्यावर काहीतरी टेकले होते खरे, कोंड्याहूनही हलके. ते काय होते, मला आजही सांगता येत नाही.

कुंदाने मात्र दार सताड उघडले आणि उंबऱ्यावर ज्वारी टाकली. चिमण्या आल्या. ती एकेकीला हाक मारू लागली, "आजी! मी जेवनू नही अजून!" दाणे टिपून चिमण्या उडाल्या. त्यांच्यामागे धावताना कुंदाला भोवळ आली आणि ती पायरीवरच बसली.

आता मी माळ्यावर पडून असतो आणि एवढेच मागतो: मित्रांनो, सुंदर शब्द लहानांना उघडून दाखवा. झुंबरबाई ते करीत. त्या सकाळी घरात ते करू शकणारे एकच माणूस उरले होते.

प्रमिलाबाई पायरीवर आल्या. त्यांनी कुंदाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"डोया मिटात, देवाघर गई, हाई बठ्ठं आम्ही बोलतस, बेटी. खरं बोलाले जीभ रेटस नही."

मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "मनी माय मरी गई, कुंदा. ती आते येणार नही."